युद्ध थांबलं, घटनासमिती बसली: पण वंचितांची नावं यादीत घालतं कोण?

येरवडेकर
पुण्यात या विषयावर चार जण बोलायला बसले की गाडी येरवड्याला थांबतेच, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात अस्पृश्य वर्गाला प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. करारात जागा १४८ झाल्या आणि मतदारसंघ संयुक्त झाले. शाळेत इथवरच शिकवतात. मधली पायरी कोणाला फारशी आठवत नाही. राखीव जागेसाठी आधी फक्त त्या वर्गाच्या मतदारांनी प्राथमिक निवडणूक घेऊन चार जणांचं पॅनल निवडायचं आणि मग त्या चौघांतून एकाला सगळ्या मतदारांनी निवडायचं. म्हणजे नाव सुचवायचा हक्क समाजाकडे आणि निकाल सर्वांच्या हातात.

प्रत्यक्षात दोन भोकं निघाली. चार किंवा त्याहून कमी अर्ज आले की प्राथमिक फेरी व्हायचीच नाही. आणि जिथे ती झाली तिथे स्वतःच्या समाजात चौथा आलेला उमेदवारही बाकीच्यांच्या मतांवर अंतिम फेरीत पहिला येऊ शकत होता. १९४५-४६ च्या निवडणुकीत आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला प्राथमिक फेरीत चांगली मतं पडली, पण शेवटी हाती आलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

आता धाग्याचा मुद्दा. नेपाळ, बुरुंडी, कोलंबिया, इराक, ग्वाटेमाला अशा ठिकाणी लढाई थांबल्यावर आदिवासी आणि वंचित गटांना निवडणुकीत आणि घटना लिहिण्यात जागा दिली गेली. ती देताना नाव कोणी ठरवलं? मतदार होण्याचा कागद कोणाकडे होता? सभागृहात गेल्यावर हात कोणाच्या सांगण्यावरून वर झाला? तपशील लिहा. 'समावेशकता काळाची गरज आहे' छापाची वाक्यं नकोत, जीआरमध्ये ती भरपूर आहेत.

आकडेमोडे
नेपाळपासून सुरू करू, कारण त्यांचे कोष्टक सगळ्यात बारीक आहे.

२००६ च्या नोव्हेंबरात शांतता करार झाला आणि १० एप्रिल २००८ ला घटनासभेची निवडणूक. एकूण जागा ६०१. त्यातल्या २४० थेट मतदारसंघातून, ३३५ प्रमाणशीर यादीतून आणि २६ मंत्रिमंडळाने नेमायच्या. मूळ आराखडा ४२५ जागांचा होता. २००७ च्या मधेश (नेपाळची दक्षिणेकडची सपाट पट्टी, म्हणजेच तराई) आंदोलनानंतर आणि जनजाती संघटनांच्या दबावाखाली तो वाढत गेला आणि प्रमाणशीर भाग सर्वांत जास्त फुगला. मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या, एक उमेदवारासाठी आणि एक पक्षासाठी, आणि प्रमाणशीर भागासाठी अख्खा देश एकच मतदारसंघ.

पक्षांनी यादी भरताना पाळायचं प्रमाण असं: मधेशी ३१.२ टक्के, आदिवासी जनजाती ३७.८, दलित १३, मागास प्रदेश ४, इतर ३०.२. या प्रत्येक गटात निम्म्या बायका.

निकाल: ६०१ पैकी १९७ महिला, म्हणजे जवळजवळ ३३ टक्के. पण थेट लढतीच्या २४० जागांवर निवडून आलेल्या फक्त ३०. जिथे सक्ती नव्हती तिथे पक्षांनी काय केलं ते एवढ्यावरून कळावं.

चहाटळ
आकडेमोडे, बेरीज करून पाहिली. ११६.२ टक्के होते. नेपाळात टक्के शंभरावर थांबत नाहीत का?

आकडेमोडे
चहाटळराव, बेरीज बरोबर आहे आणि ती मुद्दामच तशी आहे. मधेशातला दलित दोन रकान्यांत मोजला जातो, कर्णालीतला दलित 'दलित' आणि 'मागास प्रदेश' या दोन्हींत. १०० नावांच्या यादीत ११६ खुणा होतात.

यातच गोम आहे. समजा पक्षाला १०० नावं द्यायची आहेत. १३ दलितांपैकी ५ मधेशी घेतले तर त्या पाचांनी मधेशी कोट्याच्याही ५ जागा भरल्या. डोकं लावलं तर यादी नियमात बसते आणि मर्जीतल्या माणसांसाठी मोकळ्या जागा वाढतात. शिवाय एकेका रकान्याच्या आत कोण, हे कायदा विचारत नाही. जनजाती म्हणून कायद्याने मान्य गट तेव्हा ५९ होते. ३७.८ टक्के जागा मगर, गुरुंग, राई, लिंबू यांनीच भरल्या तरी नियम पाळल्यासारखा होतो. राउटे, कुसुंडा यांच्यासारख्या अगदी लहान गटांचं नाव यादीत यायला सक्ती कुठलीच नाही. न निवडून आलेल्या आदिवासी गटांना घ्यायचं म्हणून २६ नेमणुकांची सोय अंतरिम घटनेत होती, पण पक्षांनी त्या जागाही आपसात वाटून घेतल्या.

निळाई
आकडेमोडेंनी एक फार महत्त्वाची गोष्ट वगळली. ही यादी बंद होती, म्हणजे मत पक्षाला, नावं पक्षाची, आणि तीही क्रमाशिवाय. नेहमीच्या बंद यादीत निदान पहिला क्रमांक कोणाचा हे मतदाराला मतदानाआधी दिसतं. इथे मतं मोजून झाल्यावर पक्षाने यादीतली हवी ती नावं उचलून आयोगाला कळवायची. निवडतानाही प्रमाण पाळावं लागे, हे खरं. पण ज्या दलित बाईचं नाव यादीत होतं तिला मतदानाच्या दिवशीसुद्धा आपण आत जाणार की नाही हे माहीत नसायचं. मग ती प्रचार कोणासमोर करणार? पक्ष कार्यालयासमोर. निवडून आल्यावर जबाबदारी वाटणार तीही तिथलीच.

पुणे करारात निदान प्राथमिक फेरी होती. इथे तीही नाही.

सदाशिव_पेठी
थोडा वेगळा सूर लावतो. पक्षाने उमेदवार ठरवणं यात गैर काय? जगभर तेच होतं. उलट समाजाने निवडायचं म्हटलं की 'समाज' कोण हे सरकारला लिहून ठेवावं लागतं, आणि एकदा लिहिलं की ते दगडावरची रेघ. बोस्निया पाहा. १९९५ च्या डेटन कराराने लढाई थांबवली, पण राष्ट्राध्यक्षपद फक्त बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट यांनाच. रोमा आणि ज्यू 'इतर' ठरले. सेयदिच आणि फिन्सी या दोघांनी दावा लावला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २२ डिसेंबर २००९ ला त्यांच्या बाजूने निकालही दिला. तरतूद तरीही हटली नाही, कारण ती बदलायची तर त्याच तीन गटांची संमती लागते.

शांतता करारात ज्यांच्या हातात बंदूक होती तेच मोजले जातात. ज्यांनी बंदूक उचलली नाही ते कायमचे 'इतर'.

निळाई
पेठीकाका, शेवटच्या दोन वाक्यांशी शंभर टक्के सहमत. पण त्यातून 'पक्षांवर सोडा' हा निष्कर्ष कसा निघतो? रोमांना पक्षानेही घेतलं नाही आणि करारानेही नाही.

पाचवी_अनुसूची
जागा राखून ठेवल्यावर मत कोणी द्यायचं, यावरून चार वेगवेगळे प्रकार दिसतात. त्यांची गल्लत झाली की वाद भरकटतो.

कोलंबियाच्या १९९१ च्या घटनेने सिनेटमध्ये आदिवासींसाठी दोन जागा ठेवल्या. मत देशातला कुठलाही मतदार देऊ शकतो, पण उमेदवारावर अट आहे: त्याने स्वतःच्या समाजात पारंपरिक अधिकारपद सांभाळलेलं असावं किंवा आदिवासी संघटनेचं नेतृत्व केलेलं असावं. ती घटना लिहिणाऱ्या सभेत ७० निवडून आलेले सभासद होते, त्यांत दोन आदिवासी. शस्त्र खाली ठेवलेल्या किंतिन लामे या आदिवासी गटाचा आणखी एक प्रतिनिधी होता. त्याला बोलायचा हक्क होता, मताचा नव्हता.

इराकमध्ये उलटं झालं. ख्रिस्ती समाजासाठी पाच जागा आहेत, उमेदवार ख्रिस्ती हवा, मत मात्र कोणीही द्यावं, आणि उमेदवाराने समाजात अधिकारपद सांभाळलेलं असावं अशी अट नाही. मग मोठ्या शिया किंवा कुर्द पक्षांच्या मतांवर त्या जागा निघतात, ही तिथल्या चर्चसंस्थांची जुनी तक्रार. यझिदी या छोट्या धर्मगटाला तर एकच जागा. घटनेत दर लाख लोकांमागे एक सभासद म्हटलंय, २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही एक जागा अपुरी ठरवली, पण आकडा हलला नाही.

तिसरा प्रकार अफगाणिस्तानचा. २००५ च्या संसदेत २४९ पैकी १० जागा भटक्या कुचींना, आणि मतदारसंघ अख्खा देश. जे लोक उन्हाळ्यात डोंगरात आणि हिवाळ्यात पठारावर असतात त्यांना जिल्ह्याच्या रेघेत कोंबायचं नाही, हा विचार चांगला होता.

चौथा बुरुंडीचा. २००० चा अरुषा करार आणि २००५ ची घटना. हुतू ६० टक्के, तुत्सी ४० टक्के, महिला किमान ३० टक्के. उमेदवारांच्या यादीत लागोपाठच्या तीन नावांत एका वांशिक गटाची दोनच, म्हणजे यादी कुठेही कापली तरी मिश्रण टिकतं. ही युक्ती मला फार आवडते. आणि त्वा हा तिथला अगदी लहान तिसरा गट? त्यांचे तीन सभासद निवडणूक झाल्यावर नेमून घ्यायचे. निवडणुकीत त्यांच्या मताला त्या तीन जागांपुरती काहीच किंमत नाही.

रानवाटा
पाचवी_अनुसूची, वाचनखूण साठवली.

कोलंबियाचा पुढचा अध्याय जोडतो. सरकार आणि फार्क बंडखोर यांच्या २०१६ च्या करारात संघर्षाची सगळ्यात जास्त झळ बसलेल्या भागांसाठी कनिष्ठ सभागृहात १६ तात्पुरत्या जागा कबूल केल्या होत्या. उमेदवार संघर्षपीडित असला पाहिजे आणि संसदेत आधीच असलेल्या पक्षांना तिथे उमेदवार देता येणार नाही, अशा अटी. आणि अगदी बारीक पण कळीची अट: मतदान फक्त ग्रामीण केंद्रांवर, तालुक्याच्या गावातल्या केंद्रांवर नाही. मुळशी किंवा वेल्ह्याच्या भाषेत सांगायचं तर पौडच्या बाजारपेठेतल्या मतदाराला या जागेसाठी मत नाही, वरच्या वाडीतल्याला आहे. बाजारपेठेची मतं वाड्यांना बुडवतात हे हिशेबात धरून केलेला नियम.

आणि काय झालं? २०१७ ला सिनेटमध्ये बहुमत झालं की नाही यावरच वाद घालून ठराव अडवला. घटना न्यायालयाने २०२१ मध्ये तो जिवंत केला. पहिली निवडणूक मार्च २०२२ मध्ये. म्हणजे एक पूर्ण संसदीय मुदत वाया.

घाटवाट
सगळे जागांवरच बोलताय. त्याआधीची पायरी कागदाची आहे, आणि निम्मी माणसं तिथेच गळतात.

नेपाळात मतदार यादीत यायचं तर नागरिकता प्रमाणपत्र लागतं आणि ते तेव्हा बहुतेक वडिलांच्या कागदावरून मिळायचं. मधेशी आणि दलितांत ज्यांच्या वडिलांकडेच कागद नव्हता त्यांची साखळीच तुटलेली. म्हणून २००६ चा नवा नागरिकत्व कायदा झाल्यावर २००७ च्या सुरुवातीला फिरती पथकं गावोगाव गेली आणि सुमारे २६ लाख प्रमाणपत्रं वाटली. घटनासभेच्या निवडणुकीत दक्षिण नेपाळचं वजन वाढलं त्याचा पाया हा आहे. कोट्याची चर्चा सगळे करतात, या पथकांची कोणी करत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी कागद, मग मतदार यादी, मग मतदारसंघांची आखणी, मग निवडणूक. शांतता करारानंतर घाई असते, बाहेरून पैसे देणाऱ्यांना तारीख हवी असते, आणि मग पहिल्या दोन पायऱ्या गुंडाळल्या जातात.

आपल्याकडचं उदाहरण समजायला सोपं आहे. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी पुरावा अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा लागतो. ज्या कातकरी कुटुंबाच्या आजोबांचं नाव ना शाळेच्या रजिस्टरात ना सातबाऱ्यावर, त्याने राखीव जागेवर उभं कसं राहायचं? दाखला मिळाला तरी पुढे पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र आहेच. मतदार नोंदणीचं तुलनेने सोपं आहे: बेघर माणसाने नमुना ६ भरला तर राहत्या जागेचा कागद लागत नाही, बीएलओने (मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने) रात्री त्या जागी जाऊन माणूस खरंच तिथे झोपतो का एवढं पाहायचं, तेही एकाहून जास्त रात्री. नियम उत्तम आहे. पुलाखाली राहणाऱ्याला तो माहीत असण्याची शक्यता किती, ते ज्याचं त्याने ठरवावं.

चहाटळ
आणि ज्या बीएलओला रात्री जायचंय त्याला तरी माहीत आहे का?

पाचवी_अनुसूची
घाटवाट, यादीवरून सगळंच अडकल्याचं टोकाचं उदाहरण आपल्या शेजारी आहे: बांगलादेशातला चितगाव डोंगरी प्रदेश. २ डिसेंबर १९९७ चा करार. डोंगरी जिल्हा परिषदांसाठी फक्त कायम रहिवाशांची वेगळी मतदार यादी करायची ठरलं. बिगर आदिवासी कायम रहिवासी म्हणजे ज्याची तिथे कायदेशीर जमीन आहे आणि ठरावीक पत्ता आहे. आता कायदेशीर जमीन कोणाची, हे ठरवायला जमीन आयोग. आयोगाचं काम पुढे सरकेना म्हणून यादी नाही, यादी नाही म्हणून निवडणूक नाही. परिषदांची शेवटची निवडणूक १९८९ ची. पुढे ढाक्यातून नेमलेली माणसं कारभार बघू लागली. तीन कलमं एकमेकांत अडकवली की करार न मोडताही गोठवता येतो.

सदाशिव_पेठी
हे पटलं. करार करताना 'यादी तयार न झाल्यास अमुक तारखेनंतर जुन्या यादीवर निवडणूक' अशी एक ओळ घातली असती तर?

पाचवी_अनुसूची
तर जुन्या यादीत सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून मैदानातून आणून वसवलेले लोक आले असते, आणि डोंगरी पक्षाने करारावर सहीच केली नसती. पण पेठीकाका, रोख बरोबर आहे. 'न झाल्यास काय' हे कलम प्रत्येक पायरीला हवंच.

आकडेमोडे
आता सभागृहाच्या आत जाऊ. नेपाळच्या पहिल्या सभेत जनजाती सभासदांनी पक्षभेद विसरून गट बांधला होता. त्याला औपचारिक स्थान नव्हतं, आणि मोठ्या पक्षांच्या नेत्यांना तो खुपत होता. व्हिप मोडला की सभासदत्व जायची भीती. प्रमाणशीर यादीतून आलेल्याला तर मतदारसंघही नाही, तो भांडणार कोणाच्या जोरावर?

राज्य पुनर्रचनेच्या समितीने १४ प्रांत सुचवले. नंतरच्या आयोगाने जानेवारी २०१२ मध्ये ११ सुचवले, त्यातला अकरावा दलितांचा, भूभाग नसलेला प्रांत. कल्पना धाडसी होती: दलित देशभर विखुरलेले, एका तुकड्यात त्यांचं बहुमत कुठेच नाही. यातलं काहीच मतदानाला आलं नाही, कारण खरी बोलणी समित्यांत नव्हे तर तीन-चार पक्षांच्या वरच्या नेत्यांत चालली होती. २८ मे २०१२ ला मुदत संपून सभा घटनेशिवाय विसर्जित झाली.

२०१३ ला दुसरी सभा. एप्रिल २०१५ चा भूकंप. जूनमध्ये चार पक्षांचा १६ कलमी समझोता. जुलैत मसुदा लोकांसमोर, आणि सूचना देण्यासाठी दिवस किती? दोन. २० आणि २१ जुलै. तराईत गोळीबार, संचारबंदी, चाळीसहून जास्त मृत्यू. २० सप्टेंबरला घटना लागू. तराईतल्या आदिवासी थारूंची मागणी होती की कैलाली आणि कंचनपूर पश्चिम तराईच्या त्यांच्या प्रांतात यावेत. ते जिल्हे डोंगरी प्रांताला जोडले गेले.

निळाई
आणि त्या घटनेत काय झालं तेही लिहा. ३३५ विरुद्ध २४० होतं ते उलटं झालं: प्रतिनिधी सभेत १६५ थेट, ११० प्रमाणशीर. शिवाय कायद्याने प्रमाणशीर जागांसाठी ३ टक्के मतांची अट. २००८ मध्ये अशी अट नव्हती म्हणून २५ पक्ष सभेत पोचले होते, त्यांत एकेका समाजाचे छोटे पक्ष होते. ती वाट बंद. कोट्याच्या रकान्यांत आता खस आर्यही आहेत, म्हणजे ज्यांच्या वर्चस्वाविरुद्ध कोटा मागितला त्यांनाही कोटा.

त्यातल्या त्यात चांगलं वाटणारं कलम स्थानिक पातळीचं. प्रत्येक वॉर्डात अध्यक्ष, दोन खुले सदस्य, एक महिला आणि एक दलित महिला. पुण्याच्या चारसदस्यीय प्रभागासारखंच, मत सगळ्या वॉर्डाने द्यायचं. २०१७ मध्ये ६७४३ वॉर्डांतून ६५६७ दलित महिला निवडून आल्या. १७६ वॉर्डांत जागा रिकामी राहिली कारण उमेदवारच मिळाली नाही. तरीही एका फेरीत साडेसहा हजार बायका पंचायतीत बसणं, हे घटनासभेच्या सगळ्या कोट्यांपेक्षा मला मोठं वाटतं. खुर्ची मिळाली तरी अर्थसंकल्पाची फाइल अध्यक्षाकडेच असते, हे वेगळं सांगायला नको.

रानवाटा
सार्वमताचा एक धडा राहिला. ग्वाटेमाला, १६ मे १९९९. शांतता करारातल्या आदिवासी हक्कांसाठी घटनेत बदल हवे होते. प्रस्ताव गेला तेव्हा डझनभर बदल होते. संसदेतल्या पक्षांनी आपापल्या मागण्या घुसडत ते ५० केले आणि चार प्रश्नांत बांधले. लष्कराची भूमिका एका गाठोड्यात, 'राष्ट्र आणि सामाजिक हक्क' दुसऱ्या गाठोड्यात. ज्याला माया भाषांना मान्यता हवी पण त्याच गाठोड्यातलं दुसरं कलम नको, त्याने काय करायचं? मतदान १९ टक्क्यांच्या आत. आदिवासीबहुल पश्चिमेत बऱ्याच ठिकाणी होकार, राजधानीत जोरदार नकार, आणि चारही प्रश्न पडले. केंद्रं तालुक्याच्या गावात, डोंगरातून बसभाडं घालून यायचं ते चार न समजणाऱ्या प्रश्नांसाठी.

अवांतर: चिली युद्धोत्तर देश नाही, पण मतपत्रिकेचा धडा तिथेही आहे. २०२१ च्या घटना परिषदेत १५५ पैकी १७ जागा आदिवासींना: मापुचे ७, आयमारा २, बाकी आठ समाजांना एकेक. मतदानाच्या दिवशी केंद्रावरच ठरवायचं, सर्वसाधारण मतपत्रिका घ्यायची की आदिवासी. दोन्ही नाही. पात्र आदिवासी मतदारांपैकी पाव लोकांनीही राखीव जागेसाठी मत दिलं नाही. आफ्रो-वंशीयांना जागाच नव्हती.

येरवडेकर
मंडळी, अपेक्षेपेक्षा बरंच हाती लागलं. भाषेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून एक भर घालतो. नेपाळचे पहिले उपराष्ट्रपती परमानंद झा यांनी २००८ मध्ये हिंदीत शपथ घेतली. दंगा झाला, सर्वोच्च न्यायालयाने शपथ अवैध ठरवली, पद काही काळ गोठलं. २०१० मध्ये अंतरिम घटना दुरुस्त करून मातृभाषेत शपथ घ्यायची मुभा दिली, तेव्हा त्यांनी मैथिलीत पुन्हा शपथ घेतली. म्हणजे उपराष्ट्रपतीने कोणत्या भाषेत शपथ घ्यायची एवढं ठरायलाही दीड वर्ष गेलं.

घाटवाट, त्या 'न झाल्यास काय' कलमांची आणि कागदांच्या क्रमाची एक यादी करून इथेच टाकाल का? बुरुंडीचा तीन नावांचा नियमही त्यात घ्या.

घाटवाट
टाकतो. चितगावच्या यादीचं कलम मूळ मजकुरावरून ताडून मगच. तोवर आकडेमोडेंनी नेपाळच्या २६ नेमणुका कोणत्या पक्षाला किती गेल्या ते बघावं.

चहाटळ
आणि बेरीज २६ च येऊ द्या म्हणजे झालं.